खिडकीकडून दाराकडे

आमच्या घरात दिव्यांची बटणं सोडली तर एकही वस्तू जागेवर राहत नाही, आणि बटणं राहतात तीही भिंतीत पुरलेली आहेत म्हणून. असं मिस्त्री म्हणतात. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सुतारकामामुळे सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते, म्हणून पाठीमागे मीही म्हणते. समोर मात्र 'अहो'. त्यांचं म्हणणं काही खोटं नाही. मन लागेनासं झालं की माझे हात आधी जवळच्या खुर्चीकडे जातात. मी कपाट सरकवते, पलंग फिरवते, जेवायचं टेबल खिडकीशी नेते आणि कंटाळा आला की परत आणते. एकदा मिस्त्री दमून घरी आले आणि सवयीने खुर्चीत टेकायला गेले ते थेट जमिनीवर, कारण खुर्ची तोवर समोरच्या भिंतीला गेली होती. उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "भिंगरी, निदान पाटी तरी लावत जा." तेव्हापासून घरात माझं नाव भिंगरीच पडलं.

फक्त एका खोलीत मला मज्जाव होता, ती म्हणजे त्यांची कामाची खोली. घरामागची, लांबट, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला खिडकी. खिडकीची खालची काच दुधी, वरची झडप उघडी. आत भिंतीला लागून पलंगाएवढं कामाचं टेबल. "इथली सुईसुद्धा हलवायची नाही," असं त्यांनी लग्न झाल्याझाल्या सांगून ठेवलं होतं. नवऱ्याची ही एवढी एक गोष्ट मी निमूटपणे पाळत आले होते.

गेल्या थंडीत राउटरने त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नेली. राउटर म्हणजे दोन मुठींचं, पिठाच्या डब्याएवढं मशीन. पोटात मोटर आणि खाली बिट, म्हणजे कापणारं पातं. ते बिट दिसेनासं होईल इतक्या वेगाने फिरतं आणि लाकडाची कड कापून तिला हवी तशी गोलाई देतं. त्या दिवशी काम अगदीच किरकोळ होतं, तळहाताएवढ्या तुकड्याची एक कड. "एवढ्याशा तुकड्याला कसला क्लॅम्प लावायचा," असं म्हणून मिस्त्रींनी तो डाव्या हाताने दाबून धरला. इतरांना जन्मभर क्लॅम्प लावायला सांगणारा माणूस. मग व्हायचं ते झालं.

जखम भरली. पण मशीनचा आवाज सुरू झाला की मिस्त्री खोलीत थांबेनात. पलीकडच्या गल्लीत कुणी ड्रिल चालवलं तरी त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि ते काहीतरी निमित्त काढून चालू लागायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला समजत होतं. पण इथे ताकाचं भांडंच फडताळात गेलं होतं. राउटर खोक्यात, खोकं फळीवर, फळीवर धूळ. रंधा आणि कानस घेऊन जेवढं होईल तेवढंच काम ते घ्यायचे. बाकीचा वेळ खोलीत येरझाऱ्या, पटाश्या पुसणं, पुसलेल्या पटाश्या पुन्हा पुसणं. मला दुसऱ्याच्या येरझाऱ्या बघवत नाहीत. घरात एकच भिंगरी पुरे.

मग धाकट्या दिरांनी त्यांच्यासाठी प्लायवूडच्या एका मोठ्या दुकानात नोकरी बघितली. खुर्चीत बसायचं, डोक्यावर पंखा, गिऱ्हाईक आलं की नमुने दाखवायचे. सोमवारपासून. मिस्त्रींनी नुसती मान हलवली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, मी सोडून. मी या माणसाला ओळखते. एकदा ते त्या खुर्चीत बसले की त्या खोलीला कुलूप लागणार, आणि मग ते कुलूप कुणी काढणार नाही. नोकरीत वाईट काही नाही. पण हा माणूस नोकरीला चालला नव्हता, मशीनपासून पळत होता, आणि पळून गेलेला माणूस मला जन्मभर समोर बसून जेवताना बघायचा नव्हता.

हातातलं शेवटचं काम होतं ते शिंपीणबाईंचं. त्यांच्या जुन्या दुकानाचं दार होतं, जाड, वर्षानुवर्षं मुरलेल्या लाकडाचं. दुकान पडलं, दार राहिलं. त्याचं त्यांना शिवणयंत्राखाली ठेवायला टेबल करून हवं होतं. मिस्त्रींनी दार कापून, रंधून त्याचा सुरेख फळा केला. राहिल्या होत्या चार कडा. मोठी कापडं टेबलाच्या चारही बाजूंनी खाली लोंबतात, म्हणून कड गोल हवी आणि गुळगुळीत हवी. मिस्त्रींनी एका रद्दी तुकड्यावर कानशीने गोलाई काढून बघितली. एकीकडे फुगली, एकीकडे बसली. त्यांनी तो तुकडा कोपऱ्यात फेकला आणि बाहेर गेले.

त्याच दिवशी मी म्हटलं, "अहो, मी शिकते."

"काय?"

"राउटर."

"तुला एका जागी उभं राहता येत नाही. हे मशीन तुझ्यासारख्या माणसाचं नाही."

"म्हणजे तुमच्यासारख्याचंही नव्हतं." बोलून गेले आणि जीभ चावली.

पण ते रागावले नाहीत. अर्ध्या बोटांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "त्या दिवशी नव्हतंच."

अंगणात उकिडवं बसून त्यांनी मला शिकवलं. बंद मशीनला ते हात लावू शकत होते. मेलेल्या सापाला लावावा तसा, पण लावत होते. पहिला धडा प्लगचा. मशीन मांडीवर घ्यायच्या आधी प्लग डोळ्यांसमोर हवा आणि तो कुठे आहे ते मोठ्याने सांगायचं. ते विचारायचे, "प्लग कुठंय?" मी म्हणायची, "हातात." मगच बिटाला हात. बिट आत पूर्ण घालायचं, मग जरासं वर ओढायचं, मग पान्याने नट आवळायचा. मी दोनदा विसरले आणि दोन्ही वेळा त्यांनी मशीन काढून घेऊन पहिल्यापासून करायला लावलं.

मग अंगावरचं. ओढणी काढायची, बाह्या वर, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा, कानांवर झापडं. फळा दोन क्लॅम्पनी आवळायचा आणि मग धरून हलवून बघायचा. केसभर हलला तरी बटण दाबायचं नाही. दोन्ही मुठी घट्ट. मशीन आधी हवेत पूर्ण वेगाला येऊ द्यायचं आणि मग लाकडाला लावायचं. एका दमात सगळं कापायला जायचं नाही, थोडं थोडं कापायचं. आणि बटण बंद केलं म्हणजे मशीन थांबलं असं नाही. बिट फिरायचं थांबेपर्यंत खाली ठेवायचं नाही.

"आणि मुख्य म्हणजे दिशा," ते म्हणाले. "बिट ज्या बाजूला ओढतं त्याच्या उलट आपण रेटायचं. ते तुला ढकलतं, तू त्याला ढकलायचं. त्याच्या बाजूने गेलीस तर ते चाकासारखं पळत सुटतं, तुला घेऊन."

"पण ते ओढतंय कुठे, हे मला कसं कळणार?"

"कळायची गरजच नाही. खिडकीकडून दाराकडे. बस. जी कड कापायची ती आपल्या पोटाशी आणायची. फळा फिरवायचा, आपण फिरायचं नाही. आणि जायचं खिडकीकडून दाराकडे. मी आयुष्यभर तसंच केलंय."

मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. आवाज सुरू झाल्यावर ते आत थांबणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. ते बाहेर, खिडकीखाली एका उपड्या खोक्यावर भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि मी आत रद्दी तुकड्यांवर हात बसवायची. त्यांना काही दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं. मी मशीन बंद केलं की झडपेतून आवाज यायचा, "पळतेयस. लाकूड फाटलं असणार." बघावं तर फाटलेलंच. मग मी घाबरून रेंगाळले की, "झोपलीस का? जळलं बघ." बघावं तर काळा डाग. त्या मशीनला उतावळं माणूस चालत नाही आणि रेंगाळणारंही चालत नाही. मी जन्मात एवढं मध्यम काही केलं नव्हतं. तरी हळूहळू जमायला लागलं. मी आत शिकत होते आणि कान बाहेर होते, की आवाज सुरू झाल्यावर खोकं करकरतंय का, ते उठून जातायत का. ते जात नव्हते. पण आतही येत नव्हते.

शनिवार उजाडला. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळीच शिंपीणबाई दारात. हातात रेशमाचा एक पातळ तुकडा, फुंकरीने उडावा असा.

"कडा झाल्या की हा तुकडा चारही बाजूंनी फिरवून बघा," त्या म्हणाल्या. "एक जरी धागा अडकला तरी ते टेबल माझ्या कामाचं नाही. मी संध्याकाळी येते." मग आवाज खाली आणून, "मिस्त्री सोमवारपासून दुकानात बसणार म्हणे? मग आमचं मोडकंतोडकं कुणी बघायचं?"

"मी आहे ना," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि रेशीम माझ्या हातात दिलं.

त्या गेल्या तेवढ्यात दिरांचा फोन. "वहिनी, दादाला सांगा, सोमवारी इस्त्रीचा शर्ट घाल म्हणावं. आणि हात जरा खिशात ठेव म्हणावं, गिऱ्हाइकासमोर."

"भावजी, खिशात हात घालून नमुने कसे दाखवायचे ते पण तुम्हीच सांगा त्यांना," असं म्हणून मी फोन ठेवला. अंगाचा तिळपापड झाला होता. मिस्त्री पॉलिशपेपर आणायला बाहेर गेले होते. मी स्वयंपाकघरातली मांडणी हलवून बघितली, मन भरलं नाही. कामाच्या खोलीत गेले.

फळा आदल्या संध्याकाळीच त्यांनी टेबलावर क्लॅम्प लावून ठेवला होता, आखूड बाजू पुढे. आखूड बाजू आधी करायची, कारण तिथे कोपऱ्याला एखादी सपली, म्हणजे लाकडाची ढलपी, उडालीच तर तिथला खड्डा मग लांब बाजू कापताना निघून जातो. मी मशीन न घेता नुसती उभी राहून बघितलं. ट्यूबलाइट माझ्या पाठीमागच्या भिंतीवर. माझीच सावली माझ्या पोटाशी असलेल्या कडेवर. रद्दी तुकड्यांवर हे चाललं असतं. पण या दारावर? शिंपीणबाईंचं दुसरं दार नव्हतं. मिस्त्रींचं ठीक, त्यांच्या हातांना डोळे होते. मला माझ्या डोळ्यांनीच बघायचं होतं.

पायांखाली जुनी पायपुसणी सरकवली की हत्तीसुद्धा सरकतो, हा माझा संसारातला अनुभव आहे. मी टेबल फळ्यासकट खोलीच्या मध्ये ओढलं, कंबर लावून अर्धं फिरवलं आणि ट्यूबलाइटच्या भिंतीला नेऊन लावलं. घामाघूम झाले. पण आता उजेड अस्सा कडेवर पडत होता. सुई हलवायची नाही म्हणाले होते, टेबलाचं काही बोलले नव्हते, असं मी स्वतःला सांगितलं. झाल्यावर दाखवू. फळा बघून खूश झाले की टेबलाचं कोण बघतंय.

मिस्त्री आले ते सरळ खिडकीखाली. खोकं करकरलं.

"तयार?"

"तयार."

"प्लग कुठंय?"

"हातात."

"बिट?"

"आवळलं. वर ओढून आवळलं."

"फळा हलवून बघ."

मी बघितला. मुळीच हलत नव्हता. चष्मा घातला, प्लग लावला, मशीन उचललं आणि सवयीने कडेच्या डाव्या टोकाला गेले. तिथे अडखळले. डावीकडे दार होतं. पाढ्यात तर पहिल्यांदा खिडकी येते. मी उगाच एक पाऊल मागे घेतलं, पुढे घेतलं.

"अहो, खिडकीकडूनच ना?"

"खिडकीकडून दाराकडे. किती वेळा सांगू?" झडपेतून आवाज आला, जरा चिडका. त्यांचाही जीव टांगणीला लागलेला असणार.

तेव्हा मी मुकाट्याने उजव्या टोकाला गेले, खिडकीशी. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचा शब्द तंतोतंत पाळला. कानांवर झापडं ओढली, बटण दाबलं, मशीन वेगाला येऊ दिलं आणि कडेला लावून दाराच्या दिशेने रेटलं.

रेटायची गरजच पडली नाही. मशीन माझ्या हातातून निघालं. मी ढकलत नव्हते, तेच मला ओढत होतं, पिसाळलेलं कुत्रं साखळी ओढतं तसं. माझे खांदे त्याच्यामागे फरफटले. ते एकदा वर उडालं, तिरकं झालं, फळ्यावर आपटलं आणि काहीतरी कडकन उडून माझ्या चष्म्याला लागलं. मुठी मात्र मी सोडल्या नाहीत. का कोण जाणे, पण त्या क्षणी 'दोन्ही मुठी घट्ट' एवढंच डोक्यात होतं. अंगठ्याला बटण सापडलं आणि मी ते बंद केलं. मी मशीन पोटापासून लांब धरून तशीच उभी राहिले, बिट किंचाळत फिरत होतं.

दार भिंतीवर आपटलं. मिस्त्री आत आले. चालत नव्हे, धावत. माझ्याकडे न बघता आधी त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. बिट अजून फिरत होतं, घरघर खाली खाली येत होती आणि ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

"बोटं दाखव."

मी मशीन खाली ठेवलं आणि हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट केले, एकेक बोट धरून बघितलं, लहान मुलाची नखं बघतात तशी. मग त्यांनी मान वर केली आणि खोलीकडे बघितलं. उजवीकडे खिडकी, डावीकडे दार. त्यांना क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळेना.

"टेबल कुणी फिरवलं?"

"मी. सकाळी. सावली पडत होती."

"मला सांगायचं."

"पाटी लावायची राहिली," मी म्हटलं आणि मला रडूच आलं. मी सहसा रडत नाही, मी खुर्च्या हलवते. पण तिथे हलवायला काही उरलं नव्हतं.

मिस्त्रींनी टेबलाकडे बघितलं. "टेबल राहू दे गं," ते म्हणाले. "टेबल फिरवायचा हक्क आहे तुला. मी खोलीची दिशा सांगितली, हाताची नाही सांगितली. डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे, एवढंच सांगायचं होतं. मला कुणी विचारलं असतं तर मला तरी कुठं माहीत होतं? मी आपला खिडकी बघून चालत होतो." मग माझ्या मुठींकडे बोट दाखवून, "पण सोडलं नाहीस. आणि थोडंच कापत होतीस. म्हणून निभावलं."

मग आम्ही दोघांनी फळ्याकडे बघितलं. वरच्या कडेची करंगळीच्या नखाएवढी सपली उडाली होती. मी खिशातला रेशमाचा तुकडा काढून तिथून फिरवला. तो तिथे येऊन अडकला, आणि ओढल्यावर त्यातून एक धागा लांब निघून आला.

"भुसा आणि गोंद भरतो," मिस्त्री म्हणाले. "घासून घेऊ. दिसणार नाही."

"शिंपीणबाई बघत नाहीत. त्या हात फिरवतात."

"मग काय करू?"

"ते मोठं बिट आहे ना, जास्त गोलाईचं? त्याने हा खड्डा कापून जाईल. चारही बाजूंना तीच गोलाई केली तर कुणाला कळणारही नाही."

"जाईल," ते म्हणाले. "दोनदा फिरवावं लागेल. पहिल्यांदा वरवर, मग पूर्ण." काम सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला होता. आणि मग तो पुन्हा बसला. "कर तू. मी बाहेर आहे."

"मी नाही करणार."

"भिंगरी."

"माझे हात बघा." मी हात पुढे धरले. ते खोटं नव्हतं, हात पानासारखे हलत होते. "या हातांनी मशीन धरू? तुम्हीच सांगा, धरू?"

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"सोमवारी तुम्ही दुकानात जा," मी म्हटलं. आवाज चढला तो चढलाच. "इस्त्रीचा शर्ट मी काढून देते. खुशाल पंख्याखाली बसा, मी एका शब्दाने अडवणार नाही. पण हे दार असं अर्धवट टाकून जाऊ नका. तुम्ही भिऊन गेलात असं मला वाटत राहील, आणि मला ते सहन होत नाही. झालं. बोलून टाकलं."

मिस्त्री फळ्यावर सपली उडालेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले. डाव्या हाताचा अंगठा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बाहेर जा."

"का?"

"जा म्हटलं ना. तू इकडेतिकडे करत राहशील, मला सुचणार नाही."

मी बाहेर आले. दार त्यांनी आतून लोटून घेतलं. मी अंगणात उभी राहिले, मग दोरीवरचे कपडे काढले, मग तेच परत टाकले. मग कळलं की माझ्या पावलांचा आवाज आत जात असणार. म्हणून खिडकीखाली गेले आणि त्यांच्या खोक्यावर बसले. पाठ भिंतीला टेकली. भिंत थंड होती. हा माणूस इतके दिवस इथे कसा बसला असेल? काही दिसत नाही, काही करता येत नाही, आत आपलं माणूस आणि हातात ते मशीन. मी आत होते तेव्हा मला वाटायचं, अवघड काम माझं आहे.

आत पान्याचा आवाज आला. बिट बदलत होते. मग त्यांचाच आवाज, मोठ्याने, रिकाम्या खोलीत.

"प्लग कुठंय?"

थोडा वेळ गेला.

"हातात," त्यांनीच उत्तर दिलं.

मी तोंडावर हात दाबून धरला. क्लॅम्प करकरला. थांबला. पुन्हा करकरला; दोनदा आवळत होते. मग फळा हलवून बघितल्याचा आवाज. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं, आता दार उघडेल आणि ते बाहेर येऊन म्हणतील की गोंद भरू. माझ्या ओठांवर आलं होतं, अहो, डावीकडून उजवीकडे. मी गिळलं. त्यांना ते सांगायला माझी गरज नव्हती. त्यांना माझी गरज कशाचीच नव्हती, फक्त गप्प बसायची होती, आणि नेमकं तेच मला येत नव्हतं.

मशीन सुरू झालं.

लगेच बंद झालं.

बिट थांबेपर्यंतची घरघर मी शेवटपर्यंत ऐकली. मग पावलं वाजली. दाराकडे गेली. मी रेशमाचा तुकडा मुठीत इतका आवळला की तो घामाने ओला झाला. जाऊ देत, मी मनात म्हटलं. गेले तर जाऊ देत, निदान बटण तरी दाबलं. पावलं दाराशी थांबली, आणि परत आली.

मशीन पुन्हा सुरू झालं. हवेत वेगाला आलं. मग तो आवाज बदलला, जाड झाला, लाकडाला लागला. तो लांब होता, दाराच्या टोकाला. आणि तो हलायला लागला. उतावळा नाही, रेंगाळत नाही. टेबल फिरल्यामुळे आता तो दाराकडून खिडकीकडे येत होता, म्हणजे माझ्याकडे. मी डोळे मिटले. मधे जिथे सपली उडाली होती तिथे तो येऊन पोचला असणार. मी श्वास धरला, आवाज तिथे अडला नाही. तो येत राहिला, येत राहिला, माझ्या डोक्यामागच्या काचेशी आला आणि कड संपवून मोकळा झाला.

मग दाराशी परत जाऊन त्यांनी तीच कड दुसऱ्यांदा कापली. या वेळी आवाज आणखी खोल होता, आणि मी श्वास धरला नाही.

सगळं शांत झाल्यावर वरची झडप हलली. भुशाने पांढऱ्या झालेल्या भुवया दिसल्या.

"ते रेशीम आहे का तुझ्याकडे?"

मी हात वर करून तुकडा दिला. तो आत गेला. थोड्या वेळाने झडपेतूनच आवाज आला, "आत ये. फळा फिरवायचाय, पुढची बाजू घ्यायचीय. मला एकट्याला उचलत नाही."

मी उठायला गेले आणि परत खोक्यावरच बसले. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.